जमिनीचा कागद आणि एका रात्रीचे चीवर

बांगलादेशाच्या आग्नेय कोपऱ्यात, त्रिपुरा, मिझोराम आणि म्यानमार यांच्या सीमांना लागून असलेला चितगावचा डोंगरी प्रदेश म्हणजे रांगामाटी, खागडाछडी आणि बांदरबन हे तीन जिल्हे. देशाच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा त्यांनी व्यापला असून चाकमा, मारमा, त्रिपुरा, म्रो, तंचंग्या, बॉम अशा अकरा जमाती तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. उतारावरचा झाडोरा तोडून जाळायचा, त्या राखेत भात, कापूस, तीळ एकत्र पेरायचे आणि एकदोन हंगामांनंतर ती जागा पुन्हा रान माजण्यासाठी सोडून द्यायची, या फिरत्या शेतीला तेथे ‘झूम’ म्हणतात. त्यावरूनच या जमातींनी स्वतःसाठी ‘जुम्म’ हे सामाईक नाव स्वीकारले. या लोकांवर होणाऱ्या हल्ल्यांची बातमी बहुधा बौद्ध आणि मुसलमान यांच्यातील दंगल म्हणून बाहेर पोचते आणि दंगलीचे रूप खरोखरच तसे असते. परंतु आग कोणत्या वस्तीला लागते आणि आग विझल्यावर त्या जागेवर कोण घर बांधते हे पाहिले, तर प्रत्येक वेळी जमिनीपाशीच येऊन थांबावे लागते.

येथील जमीन कागदावर नव्हती. १८६० मध्ये हा प्रदेश इंग्रजांकडे गेला आणि १९०० च्या नियमावलीने त्याचा कारभार चाकमा, बोहमोंग आणि मोंग या तीन राजांच्या मंडळांत, प्रत्येक मौजात एक हेडमन आणि प्रत्येक पाड्यात एक कारबारी अशा उतरंडीने चालू ठेवला. बाहेरच्या माणसाला तेथे जमीन घेण्यावर निर्बंध होते. कोणत्या कुटुंबाने यंदा कोणत्या उतारावर झूम करायचा, हे कारबारी आणि हेडमन यांच्या तोंडी संमतीने ठरत असे आणि तो शब्द सर्वांना पुरत असे. पुढच्या राजवटींना मात्र पट्टा नसलेली जमीन सरकारी दिसली. सगळ्या अनर्थाचे मूळ या एका दृष्टिदोषात आहे.

फाळणीच्या वेळी येथील लोकसंख्येत मुसलमानांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते, तरीही रॅडक्लिफ यांच्या निवाड्याने हा प्रदेश पाकिस्तानात गेला. रांगामाटीत १५ ऑगस्ट १९४७ रोजी चढवलेला तिरंगा काही दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने उतरवला. मग कर्णफुली नदीवर काप्ताई येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधले गेले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या पाण्याखाली ५४ हजार एकर, म्हणजे तेथील नांगरटीच्या जमिनीपैकी सुमारे ४० टक्के जमीन गेली. चाकमा राजाचा जुना वाडाही बुडाला, जवळजवळ एक लाख माणसे उठली आणि त्यांतील हजारो भारतात आली. चाकमा या स्थलांतराला ‘बड परंग’, मोठी परागंदा, असे म्हणतात. त्या निर्वासितांपैकी ज्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले गेले, त्यांच्या वंशजांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९६ आणि २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल देऊनही रेंगाळत राहिला, तेव्हा या दुःखापासून भारतालाही हात झटकता येत नाहीत.

स्वतंत्र बांगलादेशाकडून वेगळी अपेक्षा होती. स्वतः भाषेच्या अपमानातून जन्मलेल्या राष्ट्राने दुसऱ्याची भाषा ओळखावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. परंतु १९७२ मध्ये सर्व नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील असे संविधानात ठरले, तेव्हा चाकमा माणूस बंगाली कसा होईल असा प्रश्न करून चाकमा नेते मानवेंद्र नारायण लारमा संविधान सभेतून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांनी जनसंहति समिती स्थापन केली आणि तिची सशस्त्र शाखा ‘शांतिवाहिनी’ पुढे दोन दशके सैन्याशी लढली. १९७९ पासून सरकारने सपाट प्रदेशातील सुमारे चार लाख बंगाली माणसे डोंगरात आणून वसवली. त्यांच्यातील बहुतेक जण नदीने शेत खाल्लेले, भूमिहीन, हलाखीतले लोक होते; त्यांना प्रत्येक कुटुंबामागे पाच एकरांपर्यंत डोंगरी जमिनीचे आणि रेशनचे आश्वासन मिळाले आणि जे उतार हेडमनच्या शब्दावर कुणाचे तरी होते, त्यांचे कागद या नव्या माणसांच्या हाती पडले. एका गरिबाच्या जमिनीवर दुसऱ्या गरिबाला बसवून त्या दोघांमध्ये सैन्याची चौकी उभी करणारे धोरण कोणत्याही काळात रक्तच मागणार होते.

ते रक्त १९८० मध्ये काउखाली येथे, १९८९ मध्ये लोंगदू येथे, १९९३ मध्ये नानियारचर येथे सांडले. १० एप्रिल १९९२ रोजी, बिजू हा चाकमांचा वर्षअखेरीचा सण दोन दिवसांवर असताना, लोगांग येथील पहाडी वस्ती जाळली गेली. सरकारी चौकशीने दिलेला मृतांचा आकडा आणि वाचलेल्यांनी सांगितलेला आकडा यांत कित्येक पटींचा फरक आहे. १९८६ नंतर साठ हजारांच्या आसपास माणसे त्रिपुरातील छावण्यांत राहिली. पहाडी महिलांची नेती कल्पना चाकमा हिला १२ जून १९९६ च्या मध्यरात्री घरातून पळवून नेण्यात आले आणि तिचा शोध आजतागायत लागलेला नाही.

२ डिसेंबर १९९७ रोजी सरकार आणि जनसंहति समिती यांच्यात करार झाला, शांतिवाहिनीने शस्त्रे ठेवली, त्रिपुरातील निर्वासित परतले. दोन दशकांचे युद्ध थांबवणे ही सामान्य गोष्ट नव्हती. करारात प्रादेशिक परिषद, अधिकार असलेल्या जिल्हा परिषदा, तात्पुरत्या लष्करी तळांची माघार आणि जमिनीचे तंटे सोडवणारा भूमी आयोग अशी कलमे होती. पैकी जिल्हा परिषदांची निवडणूक १९८९ नंतर एकदाही झाली नाही. ठिणगी मात्र पडतच राहिली. जून २०१७ मध्ये एका बंगाली मोटारसायकलचालकाचा मृतदेह सापडला आणि लोंगदूत पहाडी लोकांची दोनशेहून अधिक घरे जळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मोटारसायकल चोरीच्या संशयावरून खागडाछडीत एका बंगाली माणसाला मारहाणीत जीव गमवावा लागला. दुसऱ्या दिवशी दिघीनालाच्या लारमा चौकातील दुकाने पेटली, हिंसा रांगामाटीपर्यंत पोचली आणि चार पहाडी माणसे मेली. त्या पहिल्या माणसाचा खूनही खूनच होता आणि त्याच्या कुटुंबालाही न्याय हवा. पण एका गुन्ह्याचा दंड संपूर्ण बाजाराला आणि विहारालाही भरावा लागतो, तेव्हा गुन्हा हे निमित्त उरते.

या हल्ल्याने काय मोडले, हे एका वस्त्रावरून समजते. महाराष्ट्रातील बौद्धांना वर्षावास आणि चीवरदान हे शब्द नवे नाहीत. वर्षावास संपल्यावर भिक्खूंना वस्त्र देण्याचा विधी चितगावच्या डोंगरात ‘कठिन चीवरदान’ म्हणून होतो आणि त्याला ‘कठिन’ म्हणावे असेच त्याचे स्वरूप तेथे आहे. कापसाचे सूत काढणे, ते रंगवणे, वाळवणे, विणणे आणि शिवणे हे सर्व चोवीस तासांच्या आत पुरे व्हावे लागते. रांगामाटीच्या राजवन विहारात बायका ओळीने जमिनीवर बसतात, मागाचा पट्टा कमरेला बांधतात, ताणा स्वतःच्या अंगाच्या ओढीने ताठ धरतात आणि रात्रभर विणतात; कुणाचा हात थकला तर शेजारची तिच्या जागी बसते. सकाळी तुकडे जोडून शिवले जातात आणि दुपारी चीवर भिक्खूंच्या हाती जाते. झुमातला कापूस, घरातली विद्या आणि गावाचा धर्म एका रात्रीत एकत्र येण्याचा हा प्रसंग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील भिक्खुसंघांनी सुरक्षिततेची खात्री नसल्याचे सांगून त्या वर्षी हा सोहळा कुठेही न करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्यांनी दान स्वीकारायचे त्यांनीच दात्यांच्या जिवाच्या काळजीने नकार द्यावा, यापरता गंभीर साक्षीपुरावा त्या प्रदेशाच्या शांततेविरुद्ध कोणता असणार?

शांततेची आशा तरीही आहे आणि ती उपदेशावर अवलंबून नाही. पहाडी आणि बंगाली दोघेही आज तेथे जवळजवळ निम्मेनिम्मे आहेत आणि तीन पिढ्या वसलेल्या गरीब बंगाली माणसाला हुसकून लावणे हा न्याय होणार नाही. सन्मानाने दुसरीकडे वसण्याचा मार्ग त्याला सरकारने द्यावा आणि ज्याची जमीन घेतली त्याला ती परत मिळावी, एवढे काम आहे. त्यासाठी कायदा २००१ मध्ये झाला, त्यातील दोष २०१६ मध्ये दुरुस्त झाले, भूमी आयोग अस्तित्वात आहे आणि त्याच्यापुढे २२ हजारांहून अधिक अर्ज पडून आहेत; नाहीत ती कामकाजाची नियमावली आणि ती करण्याची इच्छा. त्या अर्जांपैकी पहिल्याचा निकाल लागून मूळ कुटुंब आपल्या उतारावर पुन्हा कोयता घेऊन जाईल, त्या दिवशी १९९७ चा करार अमलात येऊ लागला असे म्हणता येईल. तोपर्यंत तो केवळ शस्त्रे ठेवल्याची पावती आहे.