जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरची दोन कागदं

बिल्डरनं फ्लॅटवाल्याचं व्याज, भरपाई बुडवली की महारेरा वसुली वॉरंट काढते. वसूल करायचं मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं, जप्ती-लिलाव करून. 2016 च्या कायद्याचं कलम 40 तसं सांगतं. तेच साहेब आपल्या जिल्हा वनहक्क समितीचे अध्यक्ष, साताऱ्यात काय नि सांगलीत काय. महारेराकडं नोंदणी चुकवणाऱ्या बिल्डरला प्रकल्पखर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. आपला 2006 चा वनहक्क कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला? फार तर 1000 रुपये! शहरवाल्यांची वॉरंटंसुद्धा तिथं पडून राहतात, मग आपले दावे कोण हलवणार? म्हणून आम्ही सांगतो, दाव्याची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या. डोंगरात प्लॉटवाला महारेरा नंबर दाखवत आला तरी भिऊ नका. त्या नंबरानं वनजमीन त्याची होत नाही. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणी आपल्याला उठवू शकत नाही, कलम 4(5).