पाऊण तासाचा प्रवास

नाशिकजवळील ओझरचा विमानतळ आणि पुण्याचा लोहगावचा विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर वसले आहेत. ओझरहून निघालेले विमान नाकासमोर दक्षिणेस गेले, तर सुमारे १७० किलोमीटरवर लोहगाव येते. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा जाणारा रस्ता सुमारे २१० किलोमीटरांचा आहे. आगगाडीने जावयाचे, तर कसाऱ्याचा घाट उतरून कल्याण गाठावे आणि तेथून बोरघाट चढून पुण्यास यावे, असा सुमारे २७० किलोमीटरांचा वळसा पडतो.

यांतील सर्वांत लहान अंतराचा मोह राज्यकर्त्यांस पडला, यात नवल नाही. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनची १९ आसनांची विमाने या मार्गावर सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, त्या कंपनीने आपली सर्वच उड्डाणे अनिश्चित काळासाठी थांबविली. पुढे कोणी ही सेवा चालवो वा न चालवो, तिचा हिशेब तोच राहतो.

ताशी ५०० किलोमीटर वेगाचे विमान हे अंतर वीस मिनिटांत कापील. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून वेळापत्रकात पाऊण तास लिहावा लागतो. परंतु प्रवासी काही धावपट्टीवर राहत नाही. नाशिकहून ओझर वीस किलोमीटर, उड्डाणापूर्वी तासभर हजेरी, तपासणीची रांग, आणि उतरल्यावर लोहगावहून स्वारगेट गाठण्यासाठी पुण्याच्या वाहतुकीशी झुंज. म्हणजे पाऊण तासाचे साडेतीन तास होतात. एस. टी. पाच-सहा तास घेते, पण घराजवळ सोडते. शिवाय लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तेथे नागरी विमानांना मिळणाऱ्या वेळा मर्यादित. सकाळी जाऊन काम उरकून सायंकाळी परतू इच्छिणाऱ्या कारकुनास सोयीची वेळ मिळेलच, याची शाश्वती काय?

या योजनेत निम्म्या आसनांच्या भाड्यास मर्यादा असते. पडणारी तूट मोठ्या मार्गांवरील उड्डाणांच्या आकारणीतून भरून काढतात आणि तिचा पाचवा हिस्सा साधारणतः राज्य सरकार सोसते. सिंधुदुर्ग-मुंबईसारख्या मार्गावर, जेथे रस्ता पाचशे किलोमीटरांच्या घरात जातो, तेथे हा खर्च समर्थनीय आहे. नाशिक-पुण्यासाठी तो करणे म्हणजे रेल्वेच्या अभावावर आकाशातून ठिगळ लावणे होय.

या दोन शहरांना जोडणारा थेट लोहमार्ग आजही नाही. सुमारे २३५ किलोमीटरांच्या द्रुतगती मार्गाचा आराखडा झाला. परंतु नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे तिच्या निरीक्षणात व्यत्यय येईल, हा शास्त्रज्ञांचा आक्षेप आडवा आला. तो रास्त आहे आणि मानलाच पाहिजे. मार्ग अवश्य वळवावा. मात्र शिर्डीकडून तो नेताना संगमनेर-नारायणगावचा पट्टा वगळला जाणार असेल, तर तेथील विद्यार्थी आणि शेतमाल कोणत्या स्थानकावर गाडी धरणार, याचे उत्तर आखणी कायम होण्यापूर्वीच सरकारने द्यावयास हवे. तेथे जोडमार्ग काढता येईल काय, हेही तेव्हाच सांगावे. भूसंपादन झाल्यावर सांगून उपयोग नाही.