विणकाम खात्याच्या जागी मॉल

लोअर परळचा फिनिक्स मॉल म्हणजे १९०५ ची फिनिक्स मिल. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचा पगार जास्त. पण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना तिथे बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा घरांना आणि मोकळ्या जागांना मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली.

मॉलमध्ये बंदी कुणालाच नाही, खरे आहे. गिरणी कामगारांच्या वारसांना घरे मात्र शेलू-वांगणीला दाखवली जात आहेत.