रात्री दोनला दारात कोण येणार?

रूम पार्टनरच्या छातीत रात्री दोन वाजता कळ आली, तर काय करायचं हे तुम्हाला माहीत असतं. १०८ ला फोन. पण तोच मित्र तीन रात्री झोपलेला नसेल, कुणीतरी मारायला टपलंय म्हणून आतून कडी लावून बसला असेल, तर? घरमालक म्हणतो, 'उद्याच्या उद्या खोली खाली करा.' गावाकडून वडील निघतात. शेवटी चौघं जण धरून त्याला गाडीत कोंबतात. उपचारांची सुरुवातच अशी झाली, तर डॉक्टरांवर त्याचा विश्वास बसायचा कसा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे : पेशंटला ओढत नेण्याआधी उपचार त्याच्या दारापर्यंत यायला हवेत.

ही हवेतली कल्पना नाही. इंग्लंडमध्ये २००० सालच्या आरोग्य आराखड्यानंतर अशी पथकं देशभर उभी राहिली. नर्स, मानसोपचारतज्ज्ञ, सोशल वर्कर घरी येतात. गरज पडली तर दिवसातून दोनदाही. औषधं देतात, घरच्यांशी बोलतात, अवघड काळ सरेपर्यंत येत राहतात. तिथंही सगळं आलबेल नाही. दर वेळी नवा चेहरा, पुन्हा तीच कहाणी सांगा, अशी पेशंटची तक्रार असते. पण निदान कुणीतरी येतं.

आपल्याकडे कायदा आडवा येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९४ सांगतं, की जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर हॉस्पिटलबाहेरही तातडीचे उपचार करू शकतो. कलम १८ मध्ये कुटुंबाला आधार आणि घरच्या घरी पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी म्हटली आहे. २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. पण फोनवरचा आवाज खोलीत येऊन शेजारी बसू शकत नाही. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. नंदुरबारच्या पाड्यावरून रात्री निघायचं कसं?

'घरीच ठेवा' याचा अर्थ 'सगळं आईवर टाका' असा मात्र होता कामा नये. घरातच मारहाण असेल किंवा जीव वाचवायला चोवीस तास लक्ष लागणार असेल, तर हॉस्पिटलच हवं. ते ठरवायलाही जाणत्या माणसानं दारात यावं लागतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, गावोगावी आशाताई आहेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक तालुक्याला दोन प्रशिक्षित माणसं आणि एक गाडी द्या, सुरुवात होईल.

तोवर तुम्ही दोन गोष्टी करा. १४४१६ आजच सेव्ह करा. आणि मन ठणठणीत असतानाच, आपल्या वतीनं निर्णयात कोण सोबत असेल ते कागदावर लिहून ठेवा. कायद्यानं तुम्हाला असा प्रतिनिधी नेमता येतो. मग मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमच्या तालुक्यात रात्री दोनला दारात कोण येणार?