उघडी मूठ



दीक्षा घेऊन घरी परतल्यावर देव्हाऱ्याच्या रिकाम्या कोनाड्याकडे आपली नजर वारंवार जाते, हा आपणांपैकी अनेकांचा अनुभव असेल. माझे वडील १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि त्यांनी त्या कोनाड्यात एक वही ठेवली. वस्तीतील जे कुटुंब दीक्षा घेई, त्याची नावे तीत उतरविली जात. वडील निरक्षर होते. नावे ते सांगत आणि शाळेत जाणारी मुले लिहून घेत.

मी पुढे गणिताचा शिक्षक झालो. वही जीर्ण झाली म्हणून २००३ साली एका दुकानातील संगणकावर बसून ती सर्व नावे मी स्वतः टंकलिखित केली. नमुन्यादाखल एक पान छापून घेतले आणि काम झाले असे समजून निर्धास्त झालो. मूळ वही नंतर वाळवीने खाल्ली. सेवानिवृत्त झाल्यावर नव्या संगणकावर ती फाईल उघडली, तेव्हा वडिलांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची अर्थशून्य रांग दिसली. त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चढवून बनविलेले असत. तो फॉन्ट गेला की चित्र गेले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्वतंत्र क्रमांक आहेत. परंतु मला त्याची वार्ता नव्हती. अज्ञान माझे, आणि पुसली गेली ती इतरांची नावे!

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने हे काम हाती घेतले. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक कार्यक्रम कोणीतरी लिहून सर्वांना खुला केला होता. तो दुसऱ्याच फॉन्टसाठी होता. तथापि त्याची आतली रचना वाचता येत होती. तिने माझे छापील पान शेजारी ठेवले, कोणते चिन्ह म्हणजे कोणते अक्षर हे एकेक करून जुळविले आणि कार्यक्रमातील कोष्टक बदलले. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांचे नाव पडद्यावर उमटले. सुधारलेला कार्यक्रमही तिने सर्वांसाठी खुला ठेवला. मी कारण विचारले, तेव्हा तिला प्रश्नच कळला नाही!

या चळवळीचा आरंभ अमेरिकेत १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी केला. कार्यक्रम हवा तसा चालवावा, त्याची रचना अभ्यासून बदलावी, त्याच्या प्रती वाटाव्या आणि सुधारलेली प्रतही वाटावी, हे चार अधिकार वापरणाऱ्याला असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. या गृहस्थांचा धम्माशी काही संबंध नाही, आणि ओढूनताणून तो जोडण्याची मला हौस नाही. पण वंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असे सांगणारा हा शब्द तोंडाने म्हणत मी जन्म घालविला. त्याचा अर्थ त्या मुलीच्या कोष्टकापाशी मला उमगला. महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की, धम्म शिकविताना आपण आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही.

माझी मूठ झाकलेली होती, हे आपल्यापुढे कबूल केले पाहिजे. कठीण उदाहरणे सोडविण्याच्या माझ्या टिपणांचे कपाट वीस वर्षे कुलुपात होते. फी भरून शिकवणीला येणाऱ्यांपुरतेच ते उघडे. आपल्याच वस्तीतील एक बाप मुलासाठी ती टिपणे मागावयास आला, त्याला मी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून परत पाठविले. तो मुलगा गणितात नापास झाला आणि शाळा सोडून गेला. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्यातीलच एक मास्तर कुलूप लावून बसला होता!

खुल्या यंत्राने माणूस शीलवान होतो असे मात्र समजू नका. ते चार अधिकार सज्जनाला आहेत तसेच दुर्जनालाही आहेत. पंचशील कोणत्याही संगणकात भरून मिळत नाही. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांचा स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे २०१६ अखेर संपला. आज ते कोणीही छापावेत, वाटावेत. तरीही किती घरांत ते उघडले जातात?

कपाटाची किल्ली मी विहाराच्या ग्रंथालयात दिली आहे. वहीची नवी प्रतही तेथेच आहे. छापील पानावर नसलेली काही जोडाक्षरे अद्याप लागलेली नाहीत, म्हणून नऊ नावे अपुरी राहिली आहेत. वस्तीतील वृद्ध स्त्रिया रविवारी येऊन ती आठवण्याचा प्रयत्न करतात. गेल्या रविवारी एक नाव सापडले.