पहिल्या पानाचे दलाल

"तुमचं दुकान गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो" असं सांगणारा माणूस आता वाशिम जिल्ह्यातही पोचला आहे. महिन्याची ठरलेली रक्कम, त्यात अमुक इतके कीवर्ड, तमुक इतक्या बॅकलिंक, आणि महिनाअखेरीस रंगीत आलेखांचा एक रिपोर्ट. दुकानदार रिपोर्ट उघडतो, बाण वर गेलेला बघतो आणि पुढच्या महिन्याचे पैसे पाठवतो. तो बाण कशाचा, हे त्याला विचारता येत नाही, कारण विचारायला लागणारे शब्दच त्याच्याकडे नसतात. माझं म्हणणं असं की ते शब्द पुस्तकातून मिळतात, आणि ते मिळवणं हे दुकानदाराचं स्वतःचं काम आहे. पुण्याच्या एजन्सीवर किंवा 'कंप्युटरमधलं कळणाऱ्या' भाच्यावर ते सोडून चालत नाही.

हे बोललं की पहिला आक्षेप ठरलेला. पुस्तक छापून येईपर्यंत गूगल बदललेलं असतं म्हणे. यात तथ्य आहे, म्हणूनच हा आक्षेप इतका चालतो. गूगल बदलतं. फेब्रुवारी २०११ मध्ये 'पांडा' नावाचा बदल आला आणि उथळ मजकुराचे ढीग घालणाऱ्या वेबसाइटी खाली घसरल्या. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आला, त्याने विकतच्या लिंकांचा धंदा मोडला. पण मार कुणाला बसला ते पाहा. दोन्ही वेळा तो मुख्यतः युक्त्यांना बसला. काही प्रामाणिक माणसंही सुक्याबरोबर ओल्यासारखी जळली, हे मान्य. तरी रोख स्पष्ट होता. म्हणजे पुस्तकातली युक्त्यांची प्रकरणं शिळी होतात. शोधयंत्र पान कसं शोधतं, कसं साठवतं आणि कशाच्या आधारे वर-खाली लावतं, हे सांगणारी प्रकरणं बरीच वर्षं टिकतात.

आणि शिळेपणाचीच गोष्ट काढायची तर विकणाऱ्यांची काढू. वेबसाइटच्या पोटात कीवर्डची लांबलचक यादी लपवून ठेवायची एक जुनी पद्धत आहे. क्रमवारी लावताना आपण ती यादी बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं. तरीही दरपत्रकात 'मेटा कीवर्ड' हे कलम अजून दिसतं आणि त्याचे पैसेही घेतले जातात. 'द आर्ट ऑफ एसईओ' हे या विषयातलं जाडजूड इंग्रजी पुस्तक २००९ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. पुस्तकाला निदान आवृत्ती असते, तिच्यावर साल छापलेलं असतं. दलालाच्या माहितीवर साल कुठे असतं?

एवढं जाड पुस्तक नको असेल तर गूगलने स्वतः लिहिलेली सुरुवातीची मार्गदर्शिका फुकट आहे आणि एका दुपारी वाचून होते. पहिला क्रमांक मिळेल अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहून ठेवलं आहे. नकाशावर दिसणाऱ्या स्थानिक दुकानांचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो असंही ते सांगतात: विचारलेल्याशी तुमचा संबंध किती, तुम्ही किती अंतरावर आहात आणि तुमचं नाव किती माहीत आहे. यातलं अंतर कुठली एजन्सी बदलणार? कारंज्यात उभ्या असलेल्या माणसाला रिसोडचं दुकान सगळ्यात वर दाखवून देतो म्हणणाऱ्याने आधी रिसोड उचलून आणावं.

आता पुस्तकांची खरी अडचण. त्यांतली उदाहरणं अमेरिकेतल्या शहरांतल्या प्लंबरची नाहीतर दातांच्या डॉक्टरची असतात. ती वाचून आपल्याकडचा माणूस 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून पुस्तक मिटतो. तिथेच घोटाळा होतो. एकाच शब्दाचे अनेक अर्थ निघत असतील तर सोबतचे शब्द देऊन अर्थ पक्का करा, असं तत्त्व त्या उदाहरणाखाली दडलेलं असतं. हे तत्त्व वाशिम जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाला क्वचितच लागू पडेल! आमच्या मालेगावातल्या दुकानदाराने वेबसाइटवर नुसतं 'मालेगाव' लिहिलं की नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागांचं मालेगाव त्याच्या डोक्यावर बसतं. कारंजा म्हणाल तर आमचं कारंजा लाड, वर्धा जिल्ह्यातलं कारंजा घाडगे, आणि वर बागेतलं पाणी उडवणारं कारंजं. खुद्द जिल्ह्याचं नाव सरकार 'वाशिम' लिहितं आणि पुष्कळ लोक 'वाशीम'; इंग्रजांच्या कागदांत ते 'बासिम' होतं, आणि त्याही आधी वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म.

गंमत म्हणजे यावरचं उत्तर आपल्या आजोबांना ठाऊक होतं. मु. पो. मालेगाव, ता. मालेगाव, जि. अकोला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाल्यावर फक्त शेवटचा शब्द बदलला. (गूगल कंपनीही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्थापन झाली, दोघं एकाच वयाचे.) पोस्टमनसाठी जो पत्ता आपण पूर्ण लिहायचो तो यंत्रासाठी अर्धा लिहितो, आणि मग 'दिसत का नाही' म्हणून पैसे मोजतो. जुन्या पाटीवर, जुन्या नोंदीत अजून 'जि. अकोला' असेल तर घोळ आणखी वाढतो. चांगलं पुस्तक वाचलेला माणूस हा पत्ता सगळीकडे एकसारखा करण्यात एक रविवार घालवील. न वाचलेल्याला एजन्सी सहा पानं करून देते: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. सहाही पानांवर मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. अशा नुसत्या उंबरठ्याच्या पानांना गूगलच्या नियमांत बंदी आहे. बिल मात्र सहा पानांचं लागतं, आणि शिक्षा झाली तर ती दुकानाला होते.

मी तुषार संचांचे सुटे भाग विकतो. हरभरा-गव्हाच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, काउंटरवर बसलं की दिवसभर प्रश्न ऐकू येतात. "नोझल भेटते का?" "रबर रिंग कोन्या साइजची लागते?" "पाइप जोडावर गळते, काय करू?" या धंद्यातल्या वेबसाइटींवर काय असतं? 'उच्च दर्जाची सिंचन उपकरणे वाजवी दरात उपलब्ध.' हे वाक्य कुठल्या शेतकऱ्याने आजवर उच्चारलंय? गूगलवर मराठीत बोलून टंकण्याची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आली, तेव्हापासून माणूस फोनला विचारतोही तसंच, जसं मला विचारतो. पुस्तकात कीवर्ड संशोधनावर भलंमोठं प्रकरण असतं. त्याचा सारांश असा निघतो की गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्द गोळा करा. ते शब्द माझ्या काउंटरवर फुकट पडलेले असतात. पुण्यात बसलेल्या मुलाला 'भेटते' हा शब्द चुकीचा वाटतो, तो त्याचं 'उपलब्ध' करतो. माझं गिऱ्हाईक तिथेच तुटतं.

वेळेचा आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. दुकान सांभाळायचं, उधारी वसूल करायची, त्यात पुस्तक कधी वाचायचं? काम दुसऱ्याला द्यायला माझी हरकत नाहीच. जीएसटीचं विवरणपत्र आपण सीएकडे देतो, पण म्हणून जमाखर्च कळू नये असं कुणी व्यापारी म्हणत नाही. जमाखर्च न कळणाऱ्या शेटजीचं पुढे काय होतं हे बाजारपेठेत सगळ्यांना ठाऊक असतं. इथे तर त्याहून वाईट आहे. गूगलवरची दुकानाची नोंद एजन्सी आपल्याच ईमेलवरून करते, मालकी स्वतःकडे ठेवते, आणि पैसे थांबले की दुकानदाराला आपल्याच दुकानाची वेळ बदलता येत नाही. ही नोंद फुकट असते आणि तिची मालकी दुकानदाराची असायला हवी, एवढी दोन वाक्यं वाचलेला माणूस या सापळ्यात सापडणार नाही.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. आपल्या प्रकाशकांना 'उद्योग' म्हटलं की प्रेरणा आठवते. जिद्द, चिकाटी, शून्यातून साम्राज्य. लिंक म्हणजे काय, फोटोत लिहिलेला भाव यंत्राला वाचता येईल असं धरून का चालू नये, हे सांगणाऱ्या मराठी पुस्तकाला कपाटात जागा नसते. एके काळी असं नव्हतं. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, ते मुळात नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्रक होतं. माल खपवायचा तर गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलावं लागतं, हे शंकरराव किर्लोस्करांना पक्कं कळलं होतं, आणि त्या पत्रकाचं पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. शंभर वर्षांनंतर आपण जाहिरातीच्या धंद्याचं ज्ञान परभाषेत सोडून दिलंय आणि त्याची दलाली भरतोय.

आता नवा सूर ऐकू येतो. एसईओ संपलं, गूगल स्वतःच एआयकडून उत्तर देतं, तेव्हा त्याचं वेगळं पॅकेज घ्या. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या निकालांवर अशी तयार उत्तरं दिसू लागली, हे खरं. पण ते उत्तर रचायला यंत्र कुणाची तरी पानंच वाचतं. रबर रिंग कोणत्या पाइपाला कोणती बसते, हे माझ्या पानावर नीट लिहिलेलं नसेल तर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल. नव्या पॅकेजचं दरपत्रक मी मागवून पाहिलं. त्यातलं तिसरं कलम होतं मेटा कीवर्ड.