राजीनामा लिहून देऊ नका!



अहिल्यानगरच्या न्यायालयात वकिली करताना एकच प्रकारचा कागद माझ्यापुढे वारंवार आला आहे. कुणाचा पाय यंत्रात सापडलेला असतो, कुणाची दृष्टी मधुमेहाने गेलेली असते. आणि कागदावर त्याच्याच सहीने लिहिलेले असते की, प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने नोकरी सोडीत आहे, माझ्या जागी माझ्या मुलास घ्यावे. पुढे मुलास कोणी घेत नाही आणि बापाची जागा तर गेलेलीच असते. ही तडजोड घडवून आणणारा पुष्कळदा आपल्याच वस्तीतला पुढारी असतो, आणि निरोपाच्या समारंभात शाल पांघरावयास तोच पुढे होतो! या व्यवहारास लोक दया म्हणतात. मी त्यास लूट म्हणतो.

कायदा काय सांगतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 पोटकलम 4 अन्वये, सेवेत असताना ज्यास अपंगत्व आले त्यास शासकीय आस्थापनेने काढावयाचे नाही वा पदावनत करावयाचे नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावयाचे. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावयाचे. 'शासकीय आस्थापना' या शब्दांत केवळ सरकारी खाती येत नाहीत. एस.टी. महामंडळ, जिल्हा परिषद, नगरपालिका, एवढेच नव्हे तर सरकारी अनुदान घेणारी शाळाही त्यात येते. ही गोष्ट संस्थाचालकांस ठाऊक असते. शिपायास मात्र ती कुणी सांगत नाही.

पंजाबच्या वीज मंडळातील भगवान दास या सहायक तारमार्ग कामगाराची हीच कथा. तो सेवेत असताना आंधळा झाला. मला निवृत्त करून पत्नीस नोकरी द्यावी, असा अर्ज त्याने केला आणि मंडळाने त्यावरून त्यास मोकळे केले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ते बेकायदा ठरविले. त्यावेळी 1995 च्या कायद्याचे कलम 47 लागू होते. आपला हक्क ठाऊक नसलेल्या माणसाने लिहिलेल्या अर्जाचा फायदा मालकास घेता येणार नाही. उलट त्यास कायदा समजावून सांगणे हे अधिकाऱ्याचे काम होते, असे न्यायालयाने बजावले. तत्पूर्वी 2003 साली कुणाल सिंग खटल्यात, पाय कापला गेलेल्या शिपायास अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते म्हणून हे संरक्षण हिरावत नाही, असे ठरलेच होते.

आता आपण विचाराल, काढून टाकल्यावर सिद्ध कसे करावयाचे? आदेशात तर 'गैरहजर', 'अकार्यक्षम', 'शिस्तभंग' असे शब्द असतात. जातीमुळे काढले, असे कुणी कधी कागदावर लिहिले आहे काय? मग अपंगत्वामुळे काढले, असे तरी कोण लिहील? परंतु येथे कायदा आपल्या बाजूस झुकतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील रवींद्रकुमार धारीवाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली सांगितले की, अपंगत्व हे कारवाईचे एकमेव कारण असल्याचे दाखविण्याची गरज नाही. अनेक कारणांपैकी ते एक असले तरी पुरे. आणि कलम 3 पोटकलम 3 पाहता, भेदभाव दिसला की आपले कृत्य योग्य उद्दिष्टासाठी होते व प्रमाणात होते, हे दाखविणे मालकाच्या गळ्यात पडते.

म्हणून तारखा सांभाळा. अपघातापूर्वी दहा वर्षे एकही मेमो नाही, वेतनवाढी नियमित, आणि अपघातानंतर तीन महिन्यांत तीन मेमो, हा पुरावा कोणत्याही साक्षीदाराहून बोलका असतो. हलके काम मागणारा अर्ज लेखी द्या व त्याची पोच घ्या. तोंडी मागणी न्यायालयात विरून जाते. दुसऱ्या कुणास, विशेषतः मर्जीतल्या माणसास, आजारपणानंतर बैठे काम दिले असेल तर ते नोंदवा. रिक्त पदे किती होती हे सार्वजनिक कचेरीकडून माहिती अधिकारात मागवा. डॉक्टरने 'जड काम नको' लिहिले असताना साहेबाने ते 'कामास अपात्र' असे वाचले, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. तेव्हा मूळ दाखला स्वतःजवळ ठेवा.

सुपे व नगरच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांनी मात्र एक कटू गोष्ट जाणून असावे. पोटकलम 4 खासगी कारखान्यास लागू नाही. का नसावे? लोखंड सरकारी असो वा शेठजींचे, बोटे सारखीच तुटतात! तरीही 2017 च्या नियमांनुसार वीस वा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखास भेदभावाच्या तक्रारीवर एकतर कारवाई करावी लागते किंवा आपल्या कृत्याचे समर्थन लेखी द्यावे लागते. ते उत्तर मिळवाच; पुढे त्यास ते फिरविता येत नाही. याउपर पुण्यास राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. पहिल्या उल्लंघनास दंड मात्र फार तर दहा हजार रुपये! संसदेने कामगाराच्या अन्नाची ही किंमत करावी, याचा निषेध आपल्या सभांतून झाला पाहिजे.

अनुदानित शाळेतील एका शिपायाच्या पत्नीने, नवऱ्याची दृष्टी गेल्यावर, वस्तीतल्या चौघांचे न ऐकता राजीनाम्याचा कोरा कागद परत पाठविला आणि हलक्या कामाचा अर्ज रजिस्टर पोस्टाने धाडला. तिला अक्षरओळख बेताचीच. पोचपावती तिने पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डात घालून ठेवली होती. आयुक्तांकडील तक्रारीस मी पहिला कागद तोच जोडला.